कुंदाचा उघडून बघायचा वर्ग

जानेवारीतल्या त्या सकाळी इतकं धुकं होतं की दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरच्या गॅलरीतून समोरचं कडुनिंबाचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. मी चहा गाळत होते. फोन वाजला, नाव सरिताचं. ती मला सहसा फोन करत नाही. दिवाळीला करते, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा केला होता... एरवी आमचं एकमेकींना जे काही कळायचं ते कुंदामार्फत. ‘आंटी,’ ती म्हणाली, ‘मॅडम नहीं रहीं.’ मी गॅस बंद केला आणि विचारलं, ‘कौन-सी मॅडम?’ जसं काही आम्हा दोघींना मिळून पुष्कळ मॅडम होत्या.

कुंदा माझी अर्ध्या आयुष्याची मैत्रीण. केंद्र सरकारच्या एका खात्यातून विद्युत अभियंता म्हणून निवृत्त झालेली, नोएडात एका उंच इमारतीत एकटी राहणारी. आदल्या संध्याकाळी छातीत दुखायला लागलं म्हणून तिनं खाली गार्डला फोन केला. तो वर पोचला तेव्हा दार उघडं होतं आणि ती खुर्चीत बसलेली होती, चपला घालून, निघायच्या तयारीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिच्या मोबाइलमध्ये अडीअडचणीला कळवायचा नंबर होता तो सरिताचा, तिच्या पहिल्या विद्यार्थिनीचा. चंद्रपूरच्या भावाचा नव्हता, माझाही नव्हता. खरं सांगते, मला ते टोचलं. अजूनही टोचतं.

भाऊ, वसंतराव, नागपूरच्या विमानतळावर अडकले होते. धुक्यानं एकामागून एक विमानं रद्द होत होती. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग त्यांनीच सांगितलं, आता थांबू नका. स्मशानात आम्ही मोजकी माणसं. मी, माझा मुलगा, सोसायटीतले एक सरदारजी आणि कुंदाची मुलं. मुलं म्हणजे तिच्याकडे शिकून गेलेली. कुणी कामावरच्या गणवेशातच धावत आलं होतं. कुंदाचं घर बौद्ध, पण आमच्यापैकी कुणालाच त्रिशरण-पंचशील धड म्हणता येत नव्हतं. वसंतराव म्हणाले, मी फोनवर म्हणतो. सरितानं फोन स्पीकरवर टाकला आणि कुंदाच्या उशाशी धरला. विमानतळावरच्या घोषणांच्या गलबल्यातून त्यांचा कापरा आवाज येत होता आणि मुलं त्यांच्यामागून एकेक ओळ म्हणत होती. मध्येच नेटवर्क गेलं. सगळे हात जोडून तसेच उभे राहिले. कुणी हललं नाही. आवाज परत आला तेव्हा वसंतरावांनी विचारलं, ‘कुठपर्यंत झालं होतं?’ कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आमची ओळख लक्ष्मीबाई नगरातली. ह्यांची बदली होऊन आम्ही परभणीहून नवीनच दिल्लीत आलो होतो. मला हिंदी यायचं ते सिनेमातलं. भाजीच्या गाड्यावर एक उंच, सावळी बाई अस्खलित हिंदीत वांग्यांवरून वाद घालत होती, आणि वाद हरल्यावर पिशवी उचलताना स्वतःशीच पुटपुटली, ‘मेल्यानं किडकी घातलीच शेवटी.’ मी तिथंच हसले. तिनं वळून पाहिलं, ‘मराठी?’ तेवढ्यावर आम्ही दोघी तिच्या घरी जाऊन चहा प्यायलो. तिचं क्वार्टर आमच्या मागच्याच ब्लॉकमध्ये निघालं. वडील चंद्रपूरला वीज मंडळात लाइनमन होते. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. शाळेबद्दल मात्र भरभरून सांगायची. तिच्या शाळेत प्रयोगशाळा होती, पण ती कायम कुलूपबंद. भिंग, चुंबक, परीक्षानळ्या, सगळं काचेच्या कपाटात. खराब होईल म्हणून कुणाला हात लावू देत नसत. प्रयोग व्हायचे ते फळ्यावर. ‘मंगल, मी इंजिनिअरिंगला गेले तोवर खरं लोहचुंबक हातात घेतलं नव्हतं गं,’ ती सांगायची, ‘पण त्याची आकृती अशी काढायचे की मास्तर वर्गाला दाखवायचे.’

सरिता तिच्या आयुष्यात आली ती घंटी वाजवत. सरिताची आई कुंदाच्या ब्लॉकमध्ये धुणीभांडी करायची आणि कॉलनीच्या मागच्या वस्तीत राहायची. आई आत भांडी घासायला लागली की ही पोरगी बाहेर जाऊन कुंदाच्या दाराची घंटी दाबायची, पळायची, पुन्हा दाबायची. एका रविवारी कुंदा चिडून दारात गेली. पोरगी या खेपेला पळाली नाही. म्हणाली, ‘दबाती यहाँ हूँ, तो आवाज़ वहाँ से क्यों आती है?’ रागवायला निघालेली कुंदा विसरली कशासाठी आली होती ते. तिनं मेन स्विच बंद केला, स्टूल आणलं, घंटी भिंतीवरून काढली आणि दोघी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या. पुढच्या रविवारी सरितानं आणखी दोघींना आणलं. ती घंटी परत भिंतीवर लागली नाही. इतक्या पोरांनी ती इतक्यांदा उघडली की शेवटी तिचे भागच राहिले. कुंदाकडे जाताना आम्ही दार वाजवत असू.

असा तिचा वर्ग सुरू झाला. त्याला नाव नव्हतं, मीच चेष्टेनं ‘उघडून बघायचा वर्ग’ म्हणायचे. संध्याकाळी ऑफिसातून आली की चहासुद्धा न घेता ती बसायची. धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या, ड्रायव्हरांच्या, माळ्यांच्या मुली आणि मुलगे. रेडिओ, इस्त्री, पंखा, शिवणयंत्र... लोकांनी टाकून दिलेलं जे मिळेल ते. विजेचं सगळं पुढे बॅटरीवर चालवायची. वडील खांबावर चढणारे असल्यानं विजेची भीती तिच्या हाडात होती आणि तीच ती आधी शिकवायची. एकदा मला करोल बागेत घेऊन गेली. मला वाटलं, साड्या घ्यायच्या असतील. बाईसाहेब गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत शिरल्या आणि जुन्या गाड्यांच्या वायपरच्या मोटारी शोधत फिरल्या. दुकानदारानं विचारलं, ‘कौन-सी गाड़ी है आपकी, मॅडम?’ ही म्हणाली, ‘गाड़ी नहीं है. बच्चे हैं.’ त्या मोटारींवर पोरांनी पुढे काय काय फिरवलं! पुठ्ठ्याची क्रेन, पाण्याचा पंप, आणि एक राक्षस, जो नुसती मान हलवायचा. माझा मुलगाही त्या घोळक्यात असायचा. घरी येऊन आजीला ‘पेचकस दे’ म्हणायचा, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आणि तिला कळायचं नाही हा काय मागतोय.

काही वर्षं अशी मजेत गेली. मग सरिता दहावीला आली आणि तिनं एके दिवशी विचारलं, ‘मॅडम, इससे बनते क्या हैं?’ म्हणजे हे सगळं उघडता येतं, जोडता येतं, ठीक आहे. पण याचं पुढे होतं काय? कुंदा त्या संध्याकाळी माझ्याकडे आली ती हरवल्यासारखी. म्हणाली, ‘अगं, मला फक्त एकच रस्ता माहीत आहे, माझा. बारावी, प्रवेश परीक्षा, इंजिनिअरिंग. या पोरींच्या घरी त्याला लागणारी वर्षं नाहीत. आणि मी इतकी वर्षं त्यांना खेळवत बसले.’ मी म्हटलं, तू त्यांना शिकवलंस. तिनं मान हलवली. ‘शिकवलं, पण दार कुठे आहे ते दाखवलं नाही.’

त्यानंतर तिच्या सुट्ट्या त्यातच जाऊ लागल्या. पॉलिटेक्निकमध्ये कोणकोणते डिप्लोमे असतात, आयटीआयमधून निघालेली मुलगी कुठे कामाला लागते, कुठल्या कामाला बायकांना घेतात आणि कुठे नुसतंच घेऊ म्हणतात, हे ती प्रत्यक्ष जाऊन विचारून यायची. तिचं म्हणणं असं की मुलांनी काम चालू असताना बघितलं पाहिजे. पोस्टरवरचा डॉक्टर आणि इंजिनिअर बघून काही होत नाही. एकदा फरिदाबादच्या एका कारखान्यानं फोनवर होकार दिला आणि ही पोरांना घेऊन निघाली. मीही बरोबर होते, डबे धरायला. गेटवरच्या माणसानं पोरांच्या चपलांकडे पाहिलं आणि आत फोन लावला. मग म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब जेवायला गेलेत. साहेब आज नाहीत. मे महिन्याचं ऊन. पोरं हिरमुसून फुटपाथवर बसली होती. सरिता म्हणाली, ‘चलिए मॅडम, घर चलते हैं.’ तेवढ्यात कुंदाचं लक्ष रस्त्याकडेच्या ट्रान्सफॉर्मरकडे गेलं. तिनं पदर खोचला, पोरांना कुंपणापासून लांब उभं केलं आणि तिथंच शिकवायला लागली. आत वीज किती येते, बाहेर किती जाते, तेल कशाला, तो गुणगुण आवाज कशाचा... हळूहळू रिक्षावाले थांबले, कारखान्यातून सुटलेले चार कामगार थांबले, गेटवरचा माणूसही खुर्ची सोडून जवळ आला. पोरं परतीच्या बसमध्ये गाणी म्हणत होती. कुंदा खिडकीशी बसून बाहेर बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी हात धरला तर म्हणाली, ‘पुन्हा कुलूपच गं, मंगल.’

सरिताच्या वडिलांना दहावीनंतर तिचं शिक्षण थांबवायचं होतं. ते कुणा अधिकाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते, माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. ‘मशीन का काम लड़की करेगी, तो ब्याह कौन करेगा?’ कुंदानं वाद घातला नाही. एका मोठ्या रुग्णालयात यंत्रांची दुरुस्ती करणारा विभाग असतो, हे तिनं शोधून काढलं होतं. तिथल्या प्रमुखांना भेटून तिनं परवानगी काढली आणि सरिताला नाही, तिच्या वडिलांना घेऊन गेली. तिथं एक तरुण बाई नवजात बाळांना ठेवतात ती काचेची पेटी दुरुस्त करत बसली होती. केरळची होती. सरिताच्या वडिलांनी तिला बराच वेळ बघितलं. परतताना बसमध्ये एवढंच विचारलं, ‘ठीक न हो, तो बच्चा...?’ कुंदा म्हणाली, ‘म्हणून तर नीट शिकलेलं माणूस लागतं.’ गडबडीत मराठीतच म्हणाली, पण त्यांना कळलं. सरिताचा डिप्लोमाला प्रवेश झाला.

आणि पहिल्याच सत्रात ती नापास झाली. सगळं इंग्रजीत. जी पोरगी डोळे झाकून मोटार जोडायची तिला प्रश्नच वाचता येईना. ती कुंदाकडे यायची बंद झाली, शरमेनं. कुंदा वस्तीत तिच्या घरी गेली, दारातच बसून राहिली. आत सरिता पांघरूण घेऊन पडलेली. कुंदा बाहेरून बोलत होती, ‘अगं, मीही नापास झाले होते पहिल्या वर्षाला. कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुझ्या आईला कळलं, तुझ्या शेजाऱ्यांना कळलं. उठ आता.’ मी तिला नंतर विचारलं, खरंच झाली होतीस? ती हसली. ‘गणितात. वसंतालासुद्धा माहीत नाही.’ त्या वर्षापासून तिच्या वर्गात यंत्राच्या प्रत्येक भागाचं इंग्रजी नाव आधी यायला लागलं. करोल बागेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपल्याकडची मुलं तिनं गाठली. लातूरचा एक, यवतमाळची एक. तुम्हाला घरचा वरण-भात खाऊ घालते, तुम्ही या पोरांना इंग्रजी वाचायला शिकवा. ती मुलंही खुशीत यायची. सरिता दुसऱ्या वर्षी पास झाली. आज ती गुरगावच्या एका रुग्णालयात तेच काम करते. तिच्यामागून कितीतरी जणी गेल्या. कुणी लिफ्टच्या कंपनीत, कुणी सौर पॅनेल बसवणाऱ्यांकडे, एक जण चक्क एका आयटीआयमध्येच शिकवते.

मग कॉलनी पाडायचं ठरलं. जुनी बैठी क्वार्टरं जाऊन उंच इमारती होणार होत्या. मागची वस्तीही उठली, माणसं शहराच्या पार टोकांना फेकली गेली. त्याच सुमारास कुंदा निवृत्त झाली. आम्हाला मुलाच्या नोकरीमुळे आर. के. पुरमला जागा मिळाली, तिनं नोएडात फ्लॅट घेतला होता तिथं ती गेली. मी तिला म्हटलं होतं, चंद्रपूरला जा, भाऊ आहे, माणसं आहेत. ती म्हणाली, ‘तिकडे मला ओळखणारं कोण राहिलंय? माझी माणसं इथं आहेत.’ पण ती माणसं तिच्याकडे पोचू शकत नव्हती. आधी मेट्रो, मग रिक्षा, मग गेटवर नाव-गाव-काम, मग लिफ्ट. पोरं एकदोनदा आली. गेटवरचा गार्ड त्यांना मागच्या, कामवाल्यांच्या लिफ्टनं पाठवायचा. कुंदानं भांडण केलं, लेखी तक्रार केली. तरी पोरांचं येणं कमी झालं. मोठी झालेली नोकरीत अडकली. कुणाची रात्रपाळी, कुणाचं बाळ.

आम्ही रोज संध्याकाळी फोनवर बोलायचो. आमच्या घरात आता मराठी बोलणारी मी एकटीच. ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगाही घरात हिंदीतच बोलतो, सून जयपूरची, नातीला मी ‘उंबरठा’ म्हटलं तर ती ‘क्या दादी?’ म्हणते. कुंदाकडे तर बोलायलाच कुणी नव्हतं. त्यामुळे आम्ही काहीही बोलायचो. फोडणीत हिंग आधी की मोहरी आधी, ‘ओशाळणे’ म्हणजे नेमकं काय... कधी मी म्हणायचे, अगं, पोरांना सांग ना यायला. ती म्हणायची, ‘त्यांना वेळ नाही म्हणजे त्यांना नोकरी आहे. हेच तर हवं होतं ना आपल्याला?’ आणि मग लगेच हिंग-मोहरीवर यायची.

आमची शेवटची भेट दिवाळीनंतरची. तिच्या गॅलरीतून बघितलं तर समोर तशाच इमारती, आणि त्यांच्या मधोमध जुन्या गावाचा एक तुकडा शिल्लक राहिलेला. म्हशी, शेणाच्या गोवऱ्या, एक पिवळी शाळा. ती म्हणाली, ‘त्या शाळेत जाते मी आता. हेडमास्तरांनी शाळा सुटल्यावर एक खोली दिलीय.’ मी वैतागले. ‘या वयात पुन्हा पहिल्यापासून? धड श्वास पुरत नाही तुला.’ खरंच तिला दम लागत होता, बोलता बोलता थांबायची. मी म्हटलं, सरिताला सांग, ती रुग्णालयात आहे, लगेच दाखवता येईल. ‘नको. ती सुट्टी टाकेल.’ मी निघाले तेव्हा ती लिफ्टपर्यंत आली. दार बंद होताना म्हणाली, ‘मंगल, ओशाळणे म्हणजे गं... मघाशी सरिताच्या सुट्टीचं बोलताना मी झाले ना, तेच.’ मला कळायच्या आत लिफ्ट खाली निघाली.

फेब्रुवारीत वसंतराव आले. घर आवरायला मी आणि सरिता होतो. त्यांनी म्हटलं, ताईंचं जे हवं ते न्या. मला तिचा मिक्सर हवा होता. साधा, पांढरा, पिवळट पडलेला. त्यात ती शेंगदाण्याची चटणी करायची, तशी माझी कधी झाली नाही. सरितानं हत्यारांची पेटी घेतली. ‘आंटी, वह स्कूल का कमरा भी देखना है,’ ती म्हणाली. ‘किल्ली मॅडमकडेच होती.’ माझ्याशी बोलताना ती मध्येच मराठी बोलते, कुंदाकडून उचललेलं.

आम्ही गावात गेलो तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. त्या खोलीच्या बंद दाराबाहेर मुलं बसली होती, बहुतेक मुली. दप्तरं मांडीवर घेऊन. हेडमास्तरांची मधल्या काळात बदली झाली होती आणि मुलांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती वर्गाच्या ठरलेल्या दिवशी येत होती, वाट बघत होती, अंधार पडायला लागला की जात होती. एक म्हणाली, ‘मॅडम बीमार हैं?’ सरितानं माझ्याकडे पाहिलं. मी आजवर कधी वर्गात बोललेली बाई नाही. मी त्या पायरीवर त्यांच्यात बसले आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. कुणी रडलं नाही. त्या मुलीनं फक्त विचारलं, ‘तो पंखा?’

सरितानं हत्यारांच्या पेटीतल्या किल्लीनं कुलूप काढलं. आत टेबलावर एक पंखा उघडा पडला होता. पाती एकीकडे, जाळी एकीकडे, स्क्रू स्टीलच्या वाटीत. सगळ्यावर धूळ. मी म्हटलं, ‘असं अर्धवट टाकून ती कधी जायची नाही.’ सरिता म्हणाली, ‘जायची. हमेशा. आम्हाला पण असंच ठेवायची. पूरा हो जाता, तो हम अगले दिन आते क्या?’

तिनं बाह्या सरसावल्या. मुलींनी धूळ पुसली. कुणी जाळी धरली, कुणी वाटीतला नेमका स्क्रू शोधून दिला. मी मागच्या बाकावर बसून होते. मला त्यातलं काही कळत नाही, कधीच कळलं नाही. इतकी वर्षं मी फक्त डबे धरत आले. पंखा फिरला तेव्हा मुली ओरडल्या आणि मला आपण कुणाकडे बघून हसावं ते कळेना.

मग सरिता माझ्याजवळ आली. तिनं माझ्या पिशवीकडे बघितलं. मी मिक्सर काढून दिला. तिनं तो टेबलावर पालथा घातला, खालचे स्क्रू काढले, झाकण उचललं. सगळी डोकी एकत्र आली. आत शेंगदाण्याचा जुना बारीक कूट अडकला होता. एकीनं बोट लावून वास घेतला. सरितानं नावं विचारायला सुरुवात केली, आणि बाहेर दिवे लागायच्या बेताला घड्याळ बघून म्हणाली, ‘बस. आज इतना ही.’

मुलींनी कुरकुर केली. सरितानं स्क्रू त्याच वाटीत ठेवले. मिक्सर तसाच उघडा. मी उठले, हात पुढे केला आणि मागे घेतला. तिनं दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘शनिवारला, आंटी. माझी ड्युटी आहे सकाळची, मी येते. तुम्ही खोली उघडून ठेवा.’